दिव्याखालचा वैशाख

परभणीत बंद खोलीत दिवे लावून रोपं वाढवणार असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अन् बाहेरच्या उन्हानं काय घोडं मारलंय?" प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात भर दुपारी एका चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास ऊन पडतं आणि त्याचं बिल येत नाही. पण ते ऊन ४२-४३ अंशांची हवा सोबत घेऊन येतं. ऊतिसंवर्धनाच्या बाटलीतल्या केळीच्या कोंबाला २५ अंश लागतात. म्हणून खोली, म्हणून दिवे. आणि दिवे लागले की कळतं, यांनीही आपलं ऊन सोबत आणलेलंच आहे.

०

खोलीत शिरलेला प्रत्येक वॉट शेवटी उष्णताच होतो. दिव्याच्या काचेतून, चोकमधून, पट्टीच्या पाठीमागून जो थेट गरमपणा निघतो तो सगळ्यांना दिसतो. प्रकाशाचं काय होतं हे मात्र लक्षात येत नाही. प्रकाश पानावर, भिंतीवर, फरशीवर पडतो, शोषला जातो आणि तिथेच उष्णता होऊन राहतो. रोप त्यातून साखरेच्या रूपानं साठवतं ते फार तर एक-दोन टक्के. बाकीचं सगळं खोलीबाहेर काढायचं काम आपलं.

त्यामुळे "एलईडी थंड असते" हे दुकानदाराचं वाक्य अर्धं खरं. हजार वॉटची एलईडी आणि हजार वॉटची शेगडीची कॉईल, दोन्ही खोली सारखीच तापवतात. एलईडीचा फायदा वेगळ्या जागी आहे: तेवढ्याच उजेडाला ती कमी वॉट घेते. जुना सोडियमचा दिवा एका ज्यूलमागे साधारण एक मायक्रोमोल उपयोगी प्रकाश देतो, सुधारलेला दुटोकी सोडियम १.७ च्या आसपास, चांगली एलईडी अडीच आणि त्याहून वर. खोक्यावरचा मोठ्या अक्षरातला वॉटचा आकडा वाचून खरेदी करणारे हा एक आकडा विचारत नाहीत. खरं तर एसी किती टनाचा घ्यावा लागणार हे याच आकड्यावर ठरतं.

०

हिशेब अवघड नाही. साडेतीन किलोवॉट म्हणजे एक टन. दहा बाय तेराच्या खोलीत ३०० वॉटच्या आठ पट्ट्या टांगल्या तर २४०० वॉट, म्हणजे पाऊण टनाला थोडं कमी. हे फक्त दिव्यांचं. पंखे, पंप, भिंतीतून येणारं ऊन, आत वावरणारी माणसं वेगळी. शिवाय एसी स्वतः वीज खातो. साधारण तीन वॉट उष्णता बाहेर टाकायला एक वॉट. म्हणजे दिव्यांच्या तीन युनिटांमागे एसीचं एक युनिट धरूनच चालायचं.

एसी थंडी तयार करत नाही, मोटेनं विहीर उपसावी तशी तो उष्णता उपसतो. विहिरीला झरा किती आहे हे न बघता मोट घेणाऱ्यांची संख्या आमच्याकडे मोठी आहे.

०

सोडियमचा दिवा उष्णतेचा मोठा वाटा अवरक्त किरणांच्या रूपात सरळ खाली, पानांवर ओततो. एलईडीची उष्णता पाठीमागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवरून वर जाते. हवा दोन्हीकडे २५ अंश असली तरी सोडियमखालचं पान गरम, एलईडीखालचं पान त्या मानानं गार. सोडियम काढून एलईडी लावल्यावर "वाढ मंदावली" अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा यामुळे. अशा वेळी दिव्याला दोष न देता खोली दोन अंश वर नेऊन बघावी. झाड खूश होतं, आणि एसीही.

०

हाताची परीक्षा: शेंड्याच्या उंचीवर तळहात उताणा धरायचा आणि थोडा वेळ थांबायचं. हाताला सोसवत नसेल तर पानालाही सोसवत नाही. लेझरचे तापमापक स्वस्त झाले तरी ही परीक्षा मला अजून आवडते. एलईडीला मात्र ती फसते. हाताला काहीच लागत नाही आणि पान उजेडानंच पांढरं पडलेलं असतं.

०

खरी दिव्यांची खोली बघायची तर ऊतिसंवर्धनाची ग्रोथ रूम बघावी. नांदेडकडे अर्धापूर, हिंगोलीकडे वसमत, आपल्याकडे गोदावरी आणि पूर्णेच्या काठची गावं: इथं केळी लावणारा आता मुनवे खणून आणण्यापेक्षा 'टिश्यू'ची रोपं मागतो. जळगावच्या जैन इरिगेशननं ग्रँड नैन जातीची अशी रोपं शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेली, तेव्हापासून हा शब्द खेड्यातही रुळला. रोप पिशवीत येतं तेव्हा ते हिरव्या जाळीखालून आलेलं असतं. त्याआधीचे महिने त्यानं काचेच्या बाटलीत, रॅकवर, ट्यूबलाईटखाली काढलेले असतात. २५ अंश, फार तर दोन इकडे-तिकडे. सोळा तास उजेड, आठ तास अंधार. उजेड एक ते तीन हजार लक्स, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या मानानं काहीच नाही. तरी उष्णतेचं दुखणं आहेच, कारण फळीवर फळी चढवून रॅक छतापर्यंत जातात.

जुन्या पद्धतीची एक खोली डोळ्यासमोर आणू. वीस रॅक, प्रत्येकी पाच फळ्या, फळीला दोन ट्यूब. ट्यूब ४० वॉटची आणि तिचा तांब्याच्या गुंडाळीचा चोक वर बाराएक वॉट खातो. दोनशे ट्यूब, दोनशे चोक. एकूण दहा किलोवॉटच्या वर, म्हणजे तीन टन. त्यातला नुसत्या चोकांचा वाटा जवळजवळ अडीच किलोवॉट, पाऊण टनाला थोडा कमी. चोक उजेड देत नाही, नुसता तापतो. म्हणून जाणत्या प्रयोगशाळांमध्ये सगळे चोक भिंतीपलीकडे, बोळात एका फळीवर ओळीनं लावलेले असतात आणि फक्त वायरी आत येतात. ज्यानं हे पहिल्यांदा केलं त्यानं पाऊण टनाचा एसी वायरच्या खर्चात मिळवला. त्याच जागी वीस वॉटच्या एलईडी ट्यूब लावल्या तर दहा किलोवॉटचे चार होतात.

एलईडीचाही ड्रायव्हर तापतोच, आणि तापला की लवकर मरतो. त्याच्या आतल्या कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं. तोही बाहेर ठेवता आला तर ठेवावा. फक्त बाहेर म्हणजे पश्चिमेच्या भिंतीवर नव्हे.

०

बाटल्यांच्या रॅकची एक गंमत. खालच्या फळीची ट्यूब वरच्या फळीच्या बाटल्यांचं बूड तापवते. बूड गरम, झाकण गार. जेलमधलं पाणी उडतं आणि झाकणाखाली थेंब होऊन जमतं. कोंब ओलसर, काचेसारखे, पारदर्शक दिसायला लागतात. औषधाचं प्रमाण तपासलं जातं, पाणी तपासलं जातं, आणि दोष असतो ट्यूबच्या पाठीत. फळी ठोस पत्र्याची न ठेवता जाळीची केली, ट्यूब फळीला न चिकटवता दोन बोटं खाली टांगली आणि मधून हवा खेळती ठेवली, तर बराचसा आजार जातो.

०

बंद बाटली आणि उघडं रोप यांत उष्णतेच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. कुंडीतलं रोप पाणी उडवून स्वतःला आणि खोलीला गार ठेवतं. एक लिटर पाणी उडायला जवळजवळ पाऊण युनिट उष्णता लागते. दिवसात दहा लिटर उडालं तर सात युनिटांच्या आसपास उष्णता वाफेत दडली. ती खोलीतून गेलेली मात्र नसते. ती हवेत ओलावा होऊन तरंगते आणि एसीच्या गार जाळीवर पाणी होताना पुन्हा एसीच्या गळ्यात पडते. एसीच्या नळीखाली बादली ठेवून दिवसाचं पाणी मोजावं. किती उष्णता वाफेच्या वाटेनं गेली ते बादली सांगते. यासाठी यंत्र घेण्याची गरज नाही.

वेगळं ओलावा-शोषक यंत्र लावलं तर ही दडलेली उष्णता परत खोलीतच सोडली जाते, वर त्याच्या मोटरची आणखी. पावसाळ्यात ते लागतं, पण दिव्यांबरोबर त्याचाही वॉट हिशेबात धरलेला असावा.

बाटल्यांच्या खोलीत हे काहीच नाही. तिथे सगळी उष्णता कोरडी.

०

कूलरबद्दल. आमच्या हवेत मे महिन्यात कूलरसारखं यंत्र नाही. दुपारी हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक २१-२२ दाखवतो. चांगल्या पॅडमधून आलेली हवा २६ पर्यंत उतरते. तासाला तीन हजार घनमीटर हवा फिरवणारा कूलर असेल तर आपल्या २४०० वॉटच्या दिव्यांनी ती हवा बाहेर पडेपर्यंत अडीचएक अंश चढते. म्हणजे बाहेर ४२ असताना खोलीत अठ्ठावीस-एकोणतीस. पालेभाजीच्या रोपांना चालण्यासारखं, आणि तेही पंखा आणि छोट्या पंपाच्या विजेत.

पण दोन गोष्टी आहेत. पहिली पाण्याची. एवढी हवा एवढी गार करायला तासाला वीस-बावीस लिटर पाणी उडतं. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या उन्हाळ्यात कूलर सर्वांत चांगला चालतो, त्याच उन्हाळ्यात त्याला घालायला पाणी नसतं. आणि बोअरचं पाणी क्षारांचं. पॅडवर पांढरा थर बसतो, भोकं बुजतात आणि महिन्याभरात कूलर नुसता पंखा उरतो.

दुसरी गोष्ट श्रावणाची. हवा ३० अंश, आर्द्रता ७५ टक्के. ओला तापमापक २६. आता कूलर तीन अंश खाली आणेल आणि त्या बदल्यात खोली चिंब करेल. पानांवर बुरशी, देठाशी कूज. वैशाखात देव वाटलेलं यंत्र श्रावणात बंद ठेवायचं असतं. बंद न करणारेच जास्त भेटतात, कारण पंखा फिरतोय म्हणजे काहीतरी गार होतंय असं वाटत राहतं.

०

सॅलडच्या पानांच्या कडा करपल्या की लोक दिवा वर चढवतात. पुष्कळदा ती उष्णता नसते. हवा स्तब्ध असते, आतल्या कोवळ्या पानांतून पाणी उडत नाही, आणि पाण्याबरोबर जाणारं कॅल्शियम तिथवर पोचत नाही. वरून खाली हळू हवा सोडणारा छोटा पंखा लावला की थांबतं. पंखाही वॉट खातो हे खरं. पण पंख्याचा वेग निम्मा केला तर त्याची वीज आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून एक पंखा जोरात लावण्यापेक्षा दोन हळू लावावेत.

०

माळवदाच्या घरात ग्रोथ रूम करावी, असा सल्ला मला एका हौशी माणसानं दिला. मातीच्या हातभर जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचं धाबं, दुपारी आत गार. कल्पना लोभस आहे. पण माळवद चालतं ते उष्णता उशिरा आत घेतं म्हणून. दिवसाचं ऊन भिंतीत मुरतं आणि रात्री निघून जातं. दिव्यांची उष्णता आतूनच येते, रोज सोळा तास, बारा महिने. भिंत काही दिवसांत तृप्त होते आणि पुढे तिचा उपयोग नाही. उलट रात्री बाहेर गारवा असतानाही ती आतली ऊब धरून बसते.

पत्र्याचं शेड उलट्या बाजूनं चुकतं. रात्री पटकन गार, दुपारी भट्टी. फोमच्या पॅनेलची खोली सर्वांत बरी, पण तिचंही एक आहे. बाहेरचं ऊन अडवणारी भिंत आतली उष्णताही अडवते. डिसेंबरात बाहेर बारा अंश आणि आत एसी चालू, हे दृश्य पॅनेलच्या खोलीतच दिसतं. छताला दरवर्षी चुना मारणं हा सर्वांत स्वस्त उपाय. तो कुणी करत नाही, कारण त्याला कोटेशन लागत नाही.

०

रेशीमवाल्यांकडून शिकावं. त्यांच्याकडे दिवे नाहीत, तरी लढाई तीच. अळ्यांना २४ ते २८ अंश आणि ७० ते ८५ टक्के ओलावा लागतो. मोठ्या अळ्यांना थोडी गार, थोडी कोरडी हवा. पत्र्याच्या शेडला खिडक्यांवर ओली गोणपाटं, छतावर उसाचं पाचट, दुपारी पाण्याचे फवारे, भोवती झाडं. परभणीच्या कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन योजना आहे आणि तिथले लोक हे सगळं कितीतरी वर्षं सांगताहेत. वैशाखातली बॅच सोडून द्यायची की घ्यायची, हा निर्णय जो नीट घेतो तोच या धंद्यात टिकतो. दिव्यांच्या खोलीवाल्यांनीही वर्षातले दोन महिने काही पिकं न घेण्याची मुभा स्वतःला द्यायला हरकत नाही.

०

रात्र की दिवस?

दिव्यांच्या खोलीला दिवस कधी सुरू करायचा हे आपल्या हातात असतं. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अंधार ठेवायचा, उरलेले सोळा तास उजेड. छत तापलेलं असतं तेव्हा दिवे बंद, आणि एसी रात्रीच्या सोप्या हवेत काम करतो. शेतकरी रात्रीच्या लाईटला शिव्या देतो, कारण त्याला अंधारात, विंचवाकाट्यातून मोटर चालू करायला जावं लागतं. दिव्यांच्या खोलीला मात्र रात्रच सोयीची.

आता विजेच्या दराचं गणित उलटं फिरतंय. २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली: सौर तासांत वीज किमान वीस टक्के स्वस्त, जास्त मागणीच्या वेळी महाग. दहा किलोवॉटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, शेती सोडून बाकीच्यांना वर्षभरानं. म्हणजे वीज दुपारी स्वस्त आणि हवा रात्री स्वस्त. वैशाखात मी हवेच्या बाजूनं कौल देईन. दुपारी छताचं ऊन, तापलेला कंडेन्सर आणि दिवे तिन्ही एकदम नकोत. कार्तिक ते माघ दिवस दिवसाच ठेवावा आणि सवलत घ्यावी.

०

याहून हुशार युक्ती रॅक तीन गटांत वाटण्याची. प्रत्येक गटाला सोळा तास उजेड आणि आठ तास अंधार, पण अंधाराची पाळी वेगवेगळी. मग कुठल्याही क्षणी दोनच गट पेटलेले. सगळे दिवे एकदम कधीच लागत नाहीत. तीन टनांच्या जागी दोन टन पुरतात, आणि एसीवरचा भार चोवीस तास सारखा राहतो. दोन गट केले तर हा फायदा पूर्ण मिळत नाही. सोळा अधिक सोळा बत्तीस, म्हणजे आठ तास दोन्ही पेटलेलेच. मधे काळा पडदा लागतो. केळीला दिवसाच्या लांबीचं फारसं पडलेलं नाही, म्हणून तिथे पडदा थोडा फाटका असला तरी चालतो. शेवंतीला चालणार नाही. तिला रात्री नुसता बल्ब लावला तरी फुलायचं विसरते, आणि पॉलिहाऊसवाले हेच तिच्यावर वापरतात.

०

एसीच्या मेकॅनिकशी झालेलं बोलणं जसंच्या तसं:

"भाऊ, दोन टनाचा हाय ना, मग खोली कामून तापायलीय?"

"मामा, दोन टन हे कागदावरचं. बाहेर बेचाळीस झाल्यावर त्यो दोन टन ऱ्हायतच नाही."

बरोबर होतं त्याचं. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. हवा जितकी तापेल तितका कंडेन्सर दमतो. त्यात आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीला, तीन युनिटं एकावर एक, खालच्याची गरम फुंकर वरचा पितोय. टन वाढवण्याआधी युनिटं सरकवावीत आणि वर सावली करावी. सावली म्हणजे हवा अडवणारी पेटी नव्हे, हेही सांगावं लागतं.

०

लाईट जाते तेव्हाचं. सोडियम किंवा मेटल हॅलाईडचा दिवा क्षणभर वीज गेली तरी विझतो आणि लगेच पेटत नाही. आतला वायू निवावा लागतो. मेटल हॅलाईडला दहा-पंधरा मिनिटंही लागतात. महिन्यातून कितीदा वीज डोळा मारते हे आमच्याकडे कुणी मोजत नाही, पण त्या प्रत्येक वेळी खोलीत पाव तास संध्याकाळ होते.

त्याहून धोक्याचं उलटं आहे: एसी बंद आणि दिवे चालू. एका फेजवर एसी, दुसऱ्यावर दिवे, आणि एसीची फेज उडाली. किंवा व्होल्टेज उतरल्यावर एसीचा स्टॅबिलायझर कटला आणि एलईडी मात्र कमी व्होल्टेजवरही निवांत जळत राहिल्या. पॅनेलची खोली तासाभरात चाळिशी गाठते. म्हणून दिव्यांच्या कॉन्टॅक्टरची कॉईल एसीच्या लायनीवरून घ्यायची आणि मधे खोलीतल्या तापमानाचा थर्मोस्टॅट टाकायचा. ३२ अंशांवर दिवे आपोआप बंद झालेच पाहिजेत. अंधारात रोप दोन दिवस तग धरतं, पंचेचाळीसात नाही. या जोडणीला लागणारं सामान एका साध्या टायमरपेक्षा फार महाग नाही.

तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की दिवा फुटतो. सोडियमच्या खोलीत दिवे चालू असताना फवारणी नको, एवढं तरी भिंतीवर लिहून ठेवावं.

०

दिव्यांच्या उष्णतेवरचं बरंचसं लोकज्ञान, म्हणजे दिवा किती उंच, पंखा कुठे, गरम हवेची नळी कशी फिरवायची, हे अमेरिका-कॅनडातल्या तळघरांत चोरून गांजा लावणाऱ्यांनी जमवलेलं आहे. त्यांना खिडकी उघडता येत नव्हती आणि वास बाहेर जाऊ द्यायचा नव्हता, त्यामुळे डोकं चालवणं भाग होतं. आपल्याकडे १९८५ च्या कायद्यानं तो उद्योग गुन्हा आहे, आणि तसाच राहू दे. पण त्यांचं गणित कोथिंबिरीलाही लागू पडतं हे नाकारण्यात अर्थ नाही.

सरळमार्गी लोकांनीही विचार केलाच होता. १९४९ मध्ये पॅसाडेनाला फ्रिट्स वेंट यांनी फायटोट्रॉन उभं केलं. खोल्याखोल्यांत वेगळं हवामान, आणि रोपांच्या गाड्या एका खोलीतून दुसरीत ढकलायच्या. टोमॅटोला रात्र गार लागते हे त्यांनी दाखवलेलं. जुन्या वाढ-कपाटांत दिवे वर वेगळ्या खणात, खाली काच, आणि त्या खणाला स्वतःचा पंखा. उष्णता रोपांच्या हवेत मिसळण्याआधीच बाहेर. आजही काही जण हेच नव्यानं शोधतात.

०

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बाटलीतल्या बांबूला फुलं आली होती. जो बांबू रानात कित्येक दशकं थांबून एकदाच फुलतो आणि मरतो, तो ट्यूबखाली, बाटलीत फुलला. नाडगौडा, पारशरामी आणि मस्करेन्हस यांचा तो निबंध १९९० च्या 'नेचर'मध्ये आला. दिव्यांच्या खोलीची किंमत काढताना मला तो आठवतो. तिथे युनिटामागे किती किलो, हा प्रश्नच लागू होत नाही.

०

परभणीतही दिव्यांच्या खोलीचा असाच उपयोग खरा, किलोंसाठी नव्हे, नव्या वाणांसाठी. कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झालं, २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. 'परभणी क्रांती' ही भेंडी १९८५ च्या सुमाराची: पुसा सावनीचा रानभेंडीशी संकर, मग पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी, तेव्हा कुठे केवडा रोगाला दाद न देणारी भेंडी हाती आली. पिढीमागून पिढी, शेतात. 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' या ज्वारींच्या मागेही अशीच वर्षं आहेत. दिव्यांखाली या पिढ्या घाईनं काढता येतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात बावीस तास उजेड देऊन गहू आणि हरभऱ्याच्या वर्षाला सहा पिढ्या घेतल्या गेल्या. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत अशी सोय उभी आहे.

उष्णतेच्या बाजूनं बघितलं तर हरभऱ्याची खोली सर्वांत निर्दय. बावीस तास दिवे, २२ अंश, आणि रात्र दोन तासांची, तीही १७ अंशांवर. खोलीला निवायला वेळच नाही. सोयाबीनला उलट दहा तासांचा दिवस पुरतो, दिवस लांबला तर ते फुलायला उशीर करतं. ज्वारीही लहान दिवसाची. मराठवाड्याच्या पिकांसाठी अशी खोली करणाऱ्यानं सोयाबीन आणि ज्वारीपासून सुरुवात करावी. एसीचे तास अर्ध्यावर येतात.

०

कोथिंबीर मात्र नको. बंद कारखान्यात पालेभाजीला किलोमागे दहाच्या आसपास युनिटं जातात. युनिटाला दहा रुपये धरले तर शंभर रुपये नुसत्या विजेचे. बाजारात जुडी दहाला मिळते आणि घासाघीस केली तर पाचला. केशराची खोली करू पाहणारेही हल्ली बरेच भेटतात. केशराला उजेड थोडाच लागतो, त्यामुळे दिव्यांची उष्णता तिथे फार छळत नाही. कंदात फूल घडताना २३ ते २७ अंश आणि मग बाहेर यायला १७. वैशाखात त्या १७ साठी कोणी धडपडत नाही, ती वेळ शरदात येते. त्यांना छळतो तो कंदाचा भाव.

०

तापमापक कुठे टांगायचा? एसीच्या झोतात टांगला तर तो खोटं गार सांगतो. दिव्याखाली उघडा टांगला तर उजेड स्वतः शोषून खोटं गरम. विद्यापीठाच्या वेधशाळेत पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते. टॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहं बांधणाऱ्या अभियंत्याची ती. त्याचा मुलगा रॉबर्ट लुई, 'ट्रेझर आयलंड'वाला. दीपगृहवाल्यानंच तापमापकाला उजेडापासून लपवायची पेटी काढावी हे मला गमतीचं वाटतं. खोलीत पेटी नको, पण तापमापकावर पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन बशा उपड्या, शेंड्याच्या उंचीवर, आणि शेजारी हवा हलती. एवढं न करता "माझ्या खोलीत २४ अंश असतात" असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

०

मार्गशीर्ष. पहाटे बाहेर दहा-बारा अंश. परभणीत पारा पाचच्या खाली गेल्याची बातमीही काही हिवाळ्यांत येते. आता बाहेरची हवाच एसी. एक किलोवॉट दिव्याची उष्णता न्यायला, पाच अंशांचा चढ चालणार असेल तर, तासाला सहाशे घनमीटर हवा लागते. दहा अंश चालणार असतील तर तीनशे. छोटा पंखा आणि एक भोक. पंख्याला थर्मोस्टॅट असावा, नाहीतर पहाटे रोपं गारठतात, आणि केळीची रोपं चौदा अंशांखाली वाढायचीच थांबतात.

फक्त हे दिवस कापूस वेचणीचे आणि तूर काढणीचे. हवेत तंतू, धूळ, कोळी, बुरशीचे बीजाणू. जाळीवर बारीक फिल्टर लावला तर हवा निम्मी होते, न लावला तर कोळी आत. पालेभाजीच्या रोपांना मी जाडसर फिल्टर लावून ही हवा घेईन. बाटल्यांच्या खोलीत ती थेट सोडणार नाही. तिथे आतली हवा आतच फिरवून मधल्या पत्र्याच्या खोक्यातून बाहेरच्या गार हवेला तिची ऊब द्यायची, दोन्ही हवा मिसळू द्यायच्या नाहीत. असं खोकं गावातला कूलर बनवणारा पत्रेवालाही करून देतो. त्याला फक्त सांधे सिलिकॉननं बंद करायला सांगावं लागतं.